खालचे दोन खण

पालीच्या आमच्या घरात माजघराच्या भिंतीला टेकून एक सागवानी कपाट उभं आहे. वरच्या भागाला दोन दारं, आत तीन फळ्या. खाली एकाखाली एक असे दोन रुंद खण. दारांच्या तळापासून चार बोटं वर, कपाटाच्या तिन्ही बाजूंनी एक काळपट रेघ गेलेली आहे. पट्टी धरून मारावी इतकी सरळ. नवीन माणसाला ती नक्षीचा भाग वाटते. घरच्यांना ठाऊक आहे की ती पाण्याची रेघ आहे.

पाली हे बीडहून मांजरसुंब्याकडे जाताना लागणारं गाव. बालाघाटाच्या डोंगरातून निघालेली बिंदुसरा आमच्या बाजूनं खाली बीडला जाते आणि पुढे सिंदफणेला मिळून गोदावरीत जाते. गावाजवळ तिच्यावर धरण आहे. कपाट पूर्वी पालीत नव्हतं. ते बीडला, नदीपासून फार लांब नसलेल्या आमच्या घरात होतं. 23 जुलै 1989 ला बिंदुसरेला पूर आला. बीडच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, माणसं गेली, घरं गेली. आमच्या घरात पाणी कपाटावरच्या त्या रेघेपर्यंत चढलं, काही तास थांबलं आणि मागे चिखल ठेवून उतरलं. पुढच्या वर्षी बिऱ्हाड पालीला आलं, त्याबरोबर कपाटही.

परवा-परवा एका दाराची बिजागरी निखळली, एक खण अडकायला लागला, म्हणून मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी कपाटाला एक फेरी मारली, रेघेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ताई, रंधा मारतो. रेघ जाईल. वरून पॉलिश. दोन दिवसांत कोरं करून देतो."

मी म्हणाले, "जरा थांबा."

आई म्हणाली, "थांबायचं काय त्यात?"

त्या थांबण्यात चार महिने गेले. मिस्त्री दुसऱ्या कामावर निघून गेले, दार दोरीनं बांधून ठेवलं आणि मी कपाटाच्या मागे लागले.

*

मराठीत खण तीन प्रकारचे. कपाटाचा खण आपण ओढतो. चोळीचा खण ओटीत घालतात. आणि घराचे खण मोजतात. दोन खांबांच्या मधली जागा म्हणजे एक खण. घर केवढं हे सांगायला ‘पाच खणांचं’, ‘सात खणांचं’ असं म्हणायची पद्धत होती. चौरस फूट नंतर आले.

या मोजणीतच जुन्या घराची एक गोष्ट दडलेली आहे. घर मोजायचं ते लाकडानं. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरात खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यावर मातीचा जाड थर. जाड दगडमातीच्या भिंती बाहेरून उभ्या असायच्या, पण छताचं ओझं पुष्कळदा लाकडी सांगाड्यावर. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा हजारो माणसं या भिंतींच्या आणि छतांच्या मातीदगडांखाली गेली. नंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी एक गोष्ट नोंदवली: पुष्कळ ठिकाणी भिंती ढासळल्या होत्या, पण नीट सांधलेला लाकडी सांगाडा उभा होता. लोकांच्या मनात मात्र माळवदाची धास्ती बसली ती बसलीच. आमच्या भागातही त्यानंतर कितीतरी जणांनी माळवदं उतरवून पत्रे टाकले, स्लॅब ओतले. उतरवलेलं लाकूड ट्रकांत भरून गेलं. त्यातले खांब आता शहरांतल्या हॉटेलांत, फार्महाऊसच्या ओसऱ्यांवर दिसतात. त्यांच्यावर काही तोललेलं नसतं.

घरात लाकूड एवढं होतं, पण आज ज्याला आपण फर्निचर म्हणतो ते फारसं नव्हतं. बसायला पाट किंवा घोंगडी, निजायला बाज, कपड्यांना खुंटी किंवा वलणी, दिव्याला कोनाडा, धान्याला पेव आणि कणगी, मोलाच्या वस्तूंना पेटारा. भांडीकुंडी भिंतीतल्या फडताळात. सामान भिंतीच्या पोटात किंवा जमिनीच्या पोटात असायचं आणि खोली मोकळी असायची. गावचा सुतार बलुतेदार होता, पण त्याचं बलुतं मुख्यतः नांगर, कुळव, तिफण, बैलगाडीचं चाक यांच्यासाठी. खुर्ची करणं हे त्याचं रोजचं काम नव्हतं.

हे शब्दांवरूनही कळतं. खुर्ची अरबीतून आली, मेज फारसीतून, टेबल इंग्रजीतून. बाक आणि अलमारी या पोर्तुगीज पाहुण्या. मराठवाड्यात आम्ही सर्रास अलमारी म्हणतो, कारण उर्दूच्या वाटेनं ती आमच्याकडे आधी पोचली. कपाट हा शब्द तेवढा घरचा, पण त्याचा मूळ अर्थ दार, दाराची फळी. मला वाटतं, भिंतीतल्या फडताळाला दारं लागली आणि लोक दारालाच वस्तूचं नाव देऊ लागले. पुढे ते भिंतीतून बाहेर पडून स्वतःच्या पायांवर उभं राहिलं, तरी नाव दाराचंच राहिलं. आमचं कपाट अशा बाहेर पडलेल्या पिढीतलं आहे.

*

कपाट किती जुनं, हे घरात कुणाला नेमकं माहीत नाही. आजोबा सांगत की त्यांच्या वडिलांनी ते बार्शीहून आणलं आणि पैसे हालीत मोजले. हाली म्हणजे निजामाचा रुपया, इंग्रजांचा तो कलदार. बीड तेव्हा हैदराबाद संस्थानात. बार्शी पलीकडे, इंग्रजी मुलखात. बार्शीला 1897 मध्ये छोटी रेल्वे आली, ती पुढे लातूरपर्यंत गेली. बीड शहराला रेल्वेगाडी मिळायला 2025 साल उजाडलं. म्हणजे बार्शीपासून पुढे हे कपाट बैलगाडीनंच आलं असणार.

आणि ते गाडीवर चढण्यासाठीच घडवलेलं आहे, हे मला या चार महिन्यांत कळलं. वरचा दारांचा भाग आणि खालचा खणांचा भाग वेगळे होतात. वरची कंगोऱ्यांची पट्टी नुसती बसवलेली आहे, हातानं उचलली की निघते. दोन भागांच्या मध्ये चार लाकडी खुंट्या आहेत, खिळा एकही नाही. रस्ता, बैल आणि घाट यांचा विचार सुतारानं आधीच करून ठेवला होता.

जुनं लाकडी सामान पाठीमागून वाचायचं असतं. पुढची बाजू लोकांसाठी, मागची सुतारासाठी. आमच्या कपाटाच्या मागच्या फळ्यांवरून तिरप्या उजेडात हात फिरवला की बारीक लाटा लागतात. ती हातरंध्याची खूण. यंत्राचा रंधा एकसारखे बारीक चढउतार सोडतो, गोल करवत वाकड्या कमानी सोडते, दोन माणसांनी ओढलेली करवत सरळ पण कमीजास्त अंतराचे ओरखडे सोडते. आमच्याकडे शेवटच्या प्रकारचे आहेत. बिजागरीचे स्क्रू मात्र टोकदार. असे टोकाचे स्क्रू यंत्रावर होऊ लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर; त्याआधीचे बोथट असत. खिळे गोल तारेचे आहेत, आणि तारेचे खिळे स्वस्त आणि सर्रास झाले ते त्या शतकाच्या शेवटी. लाकूड हाताचं, लोखंड कारखान्याचं. आजोबांची बार्शीची गोष्ट या खिळ्यांशी जुळते.

मिस्त्रींनी एका ठिकाणी नखानं खरवडून वास घेतला होता आणि म्हणाले होते, "बर्मा." जुनं, तेलकट, सरळ रेषांचं सागवान दिसलं की आमच्याकडचे सुतार ‘बर्मा’ म्हणतात, चंद्रपूर-बल्लारशाहकडचं असेल तर ‘सीपी’. ब्रह्मदेश न पाहिलेल्या माणसाच्या तोंडी हा शब्द बसला कसा, याच्या मागे एक अख्खं राज्य बुडाल्याची हकीकत आहे. 1863 मध्ये मुंबईत बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी स्थापन झाली. धंदा मुख्यतः ब्रह्मदेशातल्या सागवानाचा. 1885 मध्ये, कंपनीनं तोडलेल्या ओंडक्यांची संख्या कमी दाखवून राजाचा पैसा बुडवला असं म्हणत मंडालेच्या दरबारानं तिला मोठा दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्त पुरेसं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात युद्ध झालं आणि काही आठवड्यांत संपलं. पराभूत राजा थिबा याला 1886 मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं आणि तीस वर्षांनी, 1916 मध्ये, तो तिथेच वारला. रत्नागिरीतला थिबा राजवाडा आजही लोक पाहायला जातात.

ब्रह्मदेशाचं लाकूड आणि ब्रह्मदेशाचा राजा, दोघेही महाराष्ट्रात आले ते एकाच व्यापारातून. आमचं कपाट ‘बर्मा’ असो वा ‘सीपी’, ते ज्या बाजारातून आलं त्याला ते युद्ध लागू होतं.

*

वरच्या फळ्यांवर काय आहे, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आजोबांचे कागद. जमिनीचे दस्त उर्दूत, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून संस्थानाचा कारभार उर्दूत चाले. काही पावत्या मोडीत. मदरशाचा एक दाखला. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस ॲक्शन झाली, संस्थान भारतात विलीन झालं. त्यानंतरचे कागद हळूहळू मराठीत येतात. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हापासून शिक्के बदलतात. तीन फळ्यांवर तीन राजवटी. पुण्याहून एक अभ्यासक मित्र आला होता, त्यानं दोन दिवस बसून सगळ्याचे फोटो काढून नेले.

हे सगळे कागद रेघेच्या वर होते म्हणून वाचले.

रेघेखालचे दोन खण आजीचे. त्यात नेमकं काय होतं, हे मला माहीत नव्हतं. ‘आजीचं सामान’ एवढंच ऐकलेलं. आजी ओव्या म्हणायची. 1978 साली देशभर प्रौढ शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला, त्यानंतरच्या एका वर्गात ती पन्नाशी उलटल्यावर अक्षरं शिकली आणि तिनं ओव्या वहीत उतरवायला घेतल्या, असं ऐकून होते. वही पुरात गेली. पुढच्या दोन वर्षांत आजी गेली.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यात आमच्या बीड जिल्ह्यातल्या, माजलगावच्या बायकांच्या ओव्याही आहेत. त्या वाचताना मला दर वेळी वाटतं, पालीला कुणी आलं असतं तर. आलं नाही. आमच्या घरापुरतं बोलायचं, तर पुरुषांचा इतिहास वरच्या फळीवर होता आणि बायकांचा खालच्या खणात. जड, रोज लागणाऱ्या, वाकून घ्यायच्या वस्तू खाली. महत्त्वाचे म्हणून जपलेले कागद वर. ही मांडणी कुणी दुष्टपणानं केली नव्हती. पाण्यानं फक्त तिच्यावर रेघ मारली.

म्हणून मला ती रेघ पुसायची नव्हती. खाली काही होतं आणि ते गेलं, याचा घरात दुसरा पुरावाच नव्हता.

*

खरवडावं की राखावं, हा वाद माझ्या घरातला नाही आणि नवाही नाही. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात जुन्या चर्चचे गिलावे खरवडून, नंतरची बांधकामं पाडून त्यांना ‘मूळ’ रूप देण्याची लाट आली होती. विल्यम मॉरिस आणि त्याच्या मित्रांनी 1877 मध्ये तिच्याविरुद्ध एक संस्था काढली. तिला लोक थट्टेनं ‘अँटी-स्क्रेप’ म्हणत. मराठीत ‘खरवडू नका मंडळी’ म्हणता येईल. त्यांचं म्हणणं असं, की इमारतीवर जे शतकानुशतकं साठलं ते सगळंच तिचं वय आहे. त्यातलं एक शतक निवडून बाकीची पुसायचा हक्क आपल्याला नाही. हाच विचार पुढे जॉन मार्शलनं 1923 मध्ये पुरातत्त्व खात्यासाठी लिहिलेल्या जतनाच्या नियमपुस्तकात उतरला, म्हणजे आपल्या लेण्या-देवळांपर्यंत पोचला.

घरातल्या सामानाला मात्र हा न्याय फार कमी मिळाला. पुण्यात दिनकर केळकर, म्हणजे ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता करणारे कवी, 1920 च्या आसपासपासून दिवे, अडकित्ते, फण्या, कोरीव दारं, पेट्या जमवत होते, तेव्हा लोक हे सारं अडगळ म्हणून काढून टाकत होते. 1962 मध्ये त्यांनी संग्रह राज्य सरकारला दिला. त्याला त्यांच्या लहानपणी वारलेल्या मुलाचं, राजाचं, नाव आहे. त्या संग्रहालयातल्या दारांसमोर उभं राहिलं की झिजलेल्या कड्या आणि हातांनी गुळगुळीत झालेल्या कडा आधी दिसतात, नक्षी नंतर.

कायदाही वय मोजतो ते वर्षांनी. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची अट आहे. त्या हिशेबात आमचं कपाट पुरावस्तूच्या वयाला आलं असेल, पण त्यावरची रेघ 2089 मध्ये शंभरीची होईल. तोवर ती डागच.

पुराच्या डागाशी जगानं काय केलं, हे शोधताना मी फ्लॉरेन्सपर्यंत गेले. 4 नोव्हेंबर 1966 ला तिथे आर्नो नदीचा पूर आला. चिमाबुए या चित्रकाराचा तेराव्या शतकातला एक प्रचंड लाकडी क्रूस पाण्यात बुडाला आणि त्यावरचा सुमारे 60 टक्के रंग वाहून गेला. लाकूड इतकं प्यालं होतं की ते उन्हात वाळवणं म्हणजे मोडणं. लाकूड लांबीत फारसं फुगत नाही, रुंदीत फुगतं; आणि वाळताना बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच असतो, म्हणून चिरा पडतात. तिथल्या माणसांनी राजबागेतल्या लिंबाच्या झाडांच्या दालनात दमट हवा राखून, ओल थोडी थोडी कमी करत ते वाळवलं. दहा वर्षांनी, 1976 मध्ये, क्रूस लोकांसमोर आला. गेलेला रंग त्यांनी अंदाजानं पुन्हा चितारला नाही. त्या जागा बारीक रंगीत रेघांनी भरल्या. लांबून नजर त्यांच्यावरून घसरते, जवळ गेलं की कळतं, इथे काही होतं ते आता नाही.

बीडमध्ये 1989 ला आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. पाणी ओसरल्यावर चौथ्या दिवशी ऊन पडलं आणि सगळ्या गल्लीनं सामान बाहेर काढलं. पलंग, देव्हारे, पेट्या, शाळेची दप्तरं. आमच्या कपाटाच्या उजव्या दाराची फळी त्या उन्हात उभी चिरली. तो आवाज आईला आठवतो. ती म्हणते, भर दुपारी कुणी काठी मोडावी तसा.

*

चार महिन्यांनी मिस्त्री परत आले तेव्हा मी त्यांना एकच गोष्ट विचारली: रंधा न मारता काय काय होईल? ते हसले. म्हणाले, "मग सगळंच होईल, पन टाइम लागंल."

त्यांनी अडकलेला खण काढला आणि सांधे दाखवले. पुरानं सांधे सैल झाले होते, तुटले नव्हते. कारण जुन्या सुतारानं ते सरसानं जोडले होते. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक, गरम करून लावायचा. ऊब आणि ओल मिळाली की तो पुन्हा मऊ होतो. हा त्याचा दोष मानला गेला आणि 1959 मध्ये आलेल्या फेव्हिकॉलनं तो दोष काढून टाकला. आज तो पांढरा गोंद म्हणजेच सुतारकाम असं झालं आहे. पण तो एकदा धरला की सोडत नाही. सांधा उघडायचा तर लाकूड फाटतं. सरस सोडतो. ज्यानं सरस वापरला त्यानं हे धरून ठेवलं होतं की ही वस्तू कधीतरी कुणीतरी उघडेल, दुरुस्त करेल. मिस्त्रींनी गरम पाण्यात भिजवलेली चिंधी सांध्यावर धरली, कुसू हलक्या हातानं बाहेर काढला, जुना सरस पुसला, नवा लावला.

पॉलिशचंही तसंच. ज्याला सगळे ‘फ्रेंच पॉलिश’ म्हणतात ती आपली लाख. पळस, बोर, कोशिंब या झाडांवर राहणाऱ्या किड्याची राळ. पांडवांच्या लाक्षागृहातली, बांगड्यांतली, बालगंधर्वांची गाणी ज्या तबकड्यांवर घराघरांत पोचली त्या तबकड्यांमधली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात ती स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडावर घासायची पद्धत लोकप्रिय झाली आणि माल इथून गेला तरी नाव तिकडचं घेऊन परत आली. पाणी लागलं की लाख पांढुरकी पडते, पण स्पिरिटचा बोळा फिरवला की जुना थर पुन्हा विरघळतो आणि नव्या थरात मिसळतो. म्हणजे खरवडायची गरजच नसते. शंभर वर्षांपूर्वीच्या हातानं लावलेली लाख आजच्या लाखेत जाऊन बसते.

मग आपण खरवडायला का लागलो? मला वाटतं, पोलादामुळे. 1897 मध्ये मुंबईत लालबागला कुलपं करायला लागलेल्या गोदरेजनं 1923 मध्ये पोलादी कपाट आणलं. त्याला वाळवी लागत नाही, ते फुगत नाही, आणि रंग दिला की ते पुन्हा नवं दिसतं. लग्नात ‘गोदरेजचं कपाट’ हा हिशेबाचा एक आकडा होऊन बसला, मग ते कुठल्याही कारखान्याचं असो. त्याच्या शेजारी लाकडी कपाट म्हातारं दिसू लागलं. लाकडानंही नवं दिसावं ही अपेक्षा तिथून आली असावी. लाकूड नवं दिसायचं तर एकच उपाय, वरचा थर काढून टाकणं. आणि इतिहास असतो तो वरच्या थरात.

हे सगळं मी आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"तुला रेघ जपायचीय," ती म्हणाली. "चिखल मी काढला. वास मी काढला. सहा महिने कपाट उघडलं की नदीचा वास यायचा. तुझ्या आजीनं तर त्या खणांना पुन्हा हातच लावला नाही. रोज येता-जाता मी ती रेघ बघते. तू दिवाळीला येतेस."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मॉरिस आणि मार्शल यांच्यापैकी कुणालाही ती भिंत रोज पाहायची नव्हती. जतन करा म्हणणारा माणूस बहुधा बाहेरून आलेला असतो. मी मिस्त्रींना म्हणाले, आई म्हणेल तसं करा.

*

मिस्त्रींनी तळाचा खण पूर्ण बाहेर काढून ओसरीवर उलटा ठेवला. खणाच्या तळफळीची कड ज्या खाचेत बसते तिथून वाळलेली माती निघाली. बारीक, राखाडी, मूठभर. पस्तीस वर्षं ती तिथे होती. आईनं ती हातावर घेतली आणि चुरडली.

"ह्यात पितळेचा डबा होता," ती म्हणाली. "कुंकवाचा. तो सापडला नंतर, मोरीजवळ."

मग ती बोलत राहिली. कुणी विचारलं नव्हतं. मी मिस्त्रींच्या हिशेबाच्या कागदाच्या पाठीवर लिहीत गेले. वरच्या खणात: ओटीत आलेले अकरा खण, त्यातला एक हिरवा न शिवलेला, माझ्या आत्याच्या बाळंतपणासाठी ठेवलेला. बाळंतविड्याच्या सामानाची यादी, आजीच्या सासूच्या तोंडची, आजीनं अक्षरं शिकल्यावर लिहून काढलेली. माहेरून आलेली पत्रं, दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलेली. ती रेशमी दोऱ्यात बांधलेली. खालच्या खणात: कुंकवाचा डबा, वाती, सुईदोऱ्याची पिशवी, पोलिओनं गेलेल्या माझ्या काकाचं एक झबलं, ज्याबद्दल मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. आणि ओव्यांची वही. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, अर्धी भरलेली.

"एखादी आठवते?" मी विचारलं.

"मला कुठल्या यायला? तिला येत होत्या," आई म्हणाली. "मी दळण गिरणीत नेणारी."

मिस्त्री इतका वेळ बोळा हातात धरून बसले होते. त्यांनी विचारलं, "मग काकू, रेघेचं काय करू?"

आईनं हात झटकले, पदराला पुसले. "राहू दे. तुमच्या त्या स्पिरिटनं जेवढी जाईल तेवढी जाऊ दे. खरवडू नका."

तीन दिवस काम चाललं. बाहेरची रेघ बरीच फिकी झाली. दिवसा दिसते, दिव्याच्या उजेडात शोधावी लागते. दारांच्या आतल्या बाजूला आणि खणांच्या आत ती होती तशी आहे. चिरलेल्या दारात मिस्त्रींनी सागाची सुई-पट्टी बसवली, रंग मिळवला, पण चीर कुठे होती ते जवळून कळतं. मी लिहिलेली यादी वहीच्या कागदावर नीट उतरवून तळाच्या खणात ठेवली आहे. त्या खणात सध्या आई विजेची बिलं आणि पानाचं साहित्य ठेवते.

काम संपल्यावर मिस्त्री आणि त्यांचा पोरगा कपाट भिंतीला लावत होते, तेव्हा आई आतून बाहेर आली. म्हणाली, "असं नाही. खाली दगड द्या."

मिस्त्रींनी खिडकीतून बाहेर पाहिलं. नदी आमच्या घरापासून दूर आणि बरीच खाली आहे. ते काही बोलले नाहीत. परसातून चार सारखे दगड निवडून आणले, धुतले आणि कपाटाच्या चारही पायांखाली एकेक ठेवला.